वादक : अज्ञात

धर्मेंद्रनं खारी चहात बुडवली आणि फडताळावरच्या स्पीकरमधून त्याचा बाप खाकरला. नत्थूजींना जाऊन सतरा वर्षं झाली होती. खारी विरघळून कपाच्या तळाशी गेली तरी त्याचा हात तसाच वर राहिला. खाकरण्यापाठोपाठ लाकडावर लाकूड दोनदा वाजलं, बारीक घुंगरं हलली आणि एक लांब सूर निघाला, जरा फाटका, जरा नाकातला, भुकेल्या पोरासारखा हट्टी. सीमाचा भाकर थापणारा हात परातीतच थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं कपात पाहिलं. ओट्याला टेकून उभ्या असलेल्या पौर्णिमाला ह्यातलं काही कळलं नाही. कळणार कुठून, तिला कोणी कधी काही सांगितलंच नव्हतं. "ऐकून राहिले न बाबा?" ती म्हणाली. "हे आपल्याकडचं आहे."

पौर्णिमा तीन वर्षांपासून व्हायोलिन शिकत होती आणि घरात त्याचं भारी कौतुक होतं. पाहुणे आले की धर्मेंद्र स्वतः उठून तिची पेटी आणून द्यायचा. तिच्या क्लासच्या सरांनी एका संग्रहाचा पत्ता दिला होता, जगभरच्या गावोगावची फिडल त्यात ऐकायला मिळत. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त गावाकडचं, असं तिनं आईबापांना समजावलं होतं. आठवडाभर सकाळचा स्वयंपाक त्या वाद्यांच्या संगतीनं चालला होता. नॉर्वेच्या फिडलला खाली आणखी तारा असतात, त्यांना कोणी शिवत नाही तरी त्या आपोआप गुणगुणतात. आयर्लंडवाले असे वाजवतात की भाकर थापणारी बाईसुद्धा ठेका धरते. रोमानियातलं लग्नातलं ऐकून सीमा म्हणाली होती, "बाई, हे तर नवरी सासरी धाडून राहिले." राजस्थानातलं रावणहत्थ्याचं एक होतं. धर्मेंद्र हे सगळं पेपरमागून ऐके, मान डोलवी. आणि आज ही पोरगी फोनवरचं वाचून दाखवत होती, "किंगरी. तेल्हारा, जिल्हा अकोला. सन दोन हजार तीन. वादक, अज्ञात. बाबा, तेल्हारा तर आपलं! तुम्ही ऐकलं होतं का असं कोणाला?"

"नाही," धर्मेंद्र म्हणाला. "बंद कर ते. सकाळी सकाळी डोकं उठतं." वाजायला लागून मिनिटही झालं नव्हतं. पौर्णिमानं तोंड वाकडं करून बंद केलं आणि खांद्याला पिशवी अडकवून निघून गेली. तव्यावरची भाकर एका बाजूनं काळी व्हायला आली होती. "मामाजीच होते न?" सीमानं सासऱ्यांबद्दल विचारलं. धर्मेंद्र म्हणाला, "भाकर करपून राहिली." एवढं बोलून तो मोज्यांच्या शोधात आतल्या खोलीत गेला आणि पलंगावर बसून राहिला. खरं सांगायचं तर त्याला पहिल्यांदा दुःख झालंच नाही. राग आला. दोन हजार तीन! बुढ्यानं दोन हजार एक साली शब्द दिला होता, पुन्हा वाजवणार नाही म्हणून. दोन वर्षंही पाळला नाही. मेलेल्या बापावर सतरा वर्षांनी रागावणारा माणूस आरशात कसा दिसतो ते त्याला समोरच दिसत होतं, आणि तरी राग जात नव्हता.

किंगरी म्हणजे एका तातेचं, घुंगरांच्या गजानं वाजवायचं वाद्य, आणि ती दारोदार वाजवणाऱ्या किंगरीवाल्यांची गावं ठरलेली असत. नत्थूजींच्या वाट्याला तेल्हाऱ्याच्या भोवतालची सात गावं आली होती. दिवाळी सरली की ते निघत आणि होळीला परतत. दारात उभं राहायचं, गज दोनदा लाकडावर आपटायचा आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांची नावं किंगरीवर एकेक करून घ्यायची. घरची बाई सुपात ज्वारी आणून झोळीत घाली, पदर डोळ्यांना लावी, आणि ते पुढच्या दारात जात. जित्या माणसाचं नाव चुकूनही घ्यायचं नाही, त्याची दोरी तुटते म्हणत. स्वतःचं नाव तर दारात सांगायचंच नाही. त्यांना अक्षर लिहिता येत नव्हतं, पण सात गावांतल्या तीन तीन पिढ्यांचे मेलेले त्यांना तोंडपाठ होते, कोणाचा आजा विहिरीत गेला आणि कोणाची सून बाळंतपणात गेली ह्यासकट. शाळेत धर्मेंद्रला पाढे येत नसत तेव्हा गुरुजी म्हणत, "तुह्या बापाले सात गावचे मुडदे पाठ हायत, अन् तुले बाराचा पाढा येत नाई?" वर्ग हसे. गुरुजींच्या मनात पाप नव्हतं, पण त्या दिवसापासून धर्मेंद्रनं किंगरीला हात लावला नाही. बाराचा पाढा मात्र रात्रीतून पाठ केला आणि पाढ्यांच्या पायरीनं चढत चढत अमरावतीच्या सरकारी कचेरीत लिपिकाच्या खुर्चीवर जाऊन बसला.

पंचफुला, त्याची आई, दोन हजार एकच्या पावसाळ्यात गेली. म्हातारा एकटा पडला म्हणून धर्मेंद्रनं त्याला अमरावतीला आणलं. कठोरा नाक्याजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. किंगरी पोत्यात गुंडाळून सोबत आली. दिवाळी झाली आणि नत्थूजींचे पाय वळवळायला लागले. एका सकाळी सीमा पाणी भरत असताना ते बाहेर पडले आणि दहाच्या सुमाराला परतले ते झोळीत ज्वारी घेऊन, चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा तकाकी घेऊन. ह्या कॉलनीतले मेलेले त्यांना माहीत नव्हते. म्हणून त्यांनी दारोदार विचारलं, बाई, तुमच्या घरचं कोण गेलं? बहुतेकांनी दार लावून घेतलं. एका बंगल्यातल्या बाईनं मात्र नावं सांगितली, आणि नंतर त्यांना धर्मेंद्रच्या दारात शिरताना पाहिलं. ती होती माणिकबाई, धर्मेंद्रचे वरचे साहेब भगवंतराव, त्यांची बायको. दुसऱ्या दिवशी भगवंतराव कचेरीत त्याच्या टेबलाशी थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे धर्मेंद्र, काल तुझ्या वडिलांनी आमच्या आईचं नाव घेतलं म्हणे. मिसेस दिवसभर रडत होती. काय हात आहे त्यांचा!" टेबलांवरून माना वळल्या. धर्मेंद्रच्या कानात पुन्हा तो शाळेतला वर्ग हसला. कचेरीत कोणी हसलं नव्हतं. हे त्याला आज, पलंगावर एक मोजा हातात धरून बसल्यावर, पहिल्यांदा नीट आठवलं. कोणीसुद्धा हसलं नव्हतं. भगवंतरावांचे डोळे तर ओले होते.

त्या संध्याकाळी त्यानं बापाला जे ऐकवलं ते शब्दाला शब्द त्याच्याजवळ होतं. ओरडला नव्हता तो. ओरडला असता तर बरं झालं असतं. कचेरीच्या मराठीत, थंडपणे म्हणाला होता, "आजपासून कोणाच्या दारात वाजवलंत तर मी तुमचा मुलगा नाही." नत्थूजी भिंतीला टेकून गजाला राळ लावत होते. त्यांनी विचारलं, "दारावर नाई वाजवाचं?" धर्मेंद्र म्हणाला, नाही. "बरं," म्हातारा म्हणाला, दुकानदारानं भाव सांगावा आणि गिऱ्हाइकानं घासाघीस न करता मान्य करावा तसं. सीमानं नवऱ्याला आत नेऊन सांगितलं, "असं नका बोलू. ते किंगरी पोत्यात बांधून राहिले." तिसऱ्या दिवशी नत्थूजी तेल्हाऱ्याच्या गाडीत बसले. पुढची सहा वर्षं देवमनकडे राहिले. देवमन म्हणजे धर्मेंद्रचा आतेभाऊ, त्याच धंद्यातला. धर्मेंद्र पैसे पाठवी, पोळ्याला जाऊन येई. किंगरी खुंटीला टांगलेली दिसे, आणि बापानं शब्द पाळला म्हणून त्याला बरं वाटे.

दोन हजार सातला म्हातारा झोपेतच गेला. सरणावर ठेवल्यावर धर्मेंद्रनं खुंटीवरची किंगरी आणून बापाच्या छातीवर ठेवली. लोकांना वाटलं, काय माया आहे पोराची. देवमन तेवढा पुढे आला. "अरे, हे तेरवीले लागन न बाप्पा. कायले जाळतं?" त्यांच्यात रीत अशी की किंगरीवाला मेला तर त्याचं नाव तेरवीच्या दिवशी त्याच्या पोरानंच घ्यायचं, बापाच्याच किंगरीवर, येवो न येवो, एकदा गज ओढायचा आणि नाव घ्यायचं. दुसऱ्यानं घेतलेलं पोचत नाही. धर्मेंद्र म्हणाला, "ते सगळं आता बंद." कचेरीतली दहा माणसं घाटावर उभी होती, दोन भाड्याच्या जिपा करून आलेली. तेरवी झाली. वरण, पोळी, आलूवांग्याची भाजी, बुंदी, तीनशे पान उठलं. सात गावांतून माणसं आली होती, ज्यांच्या ज्यांच्या मेलेल्यांची नावं नत्थूजींनी घेतली होती ती. ती जेवून थोडा वेळ मांडवात बसून राहिली. कशाची तरी वाट पाहत होती. मग एकेक करून उठली.

शनिवारी सकाळी त्यानं मफलर गुंडाळला आणि कचेरीचं काम आहे म्हणून सांगितलं. "शनवारी?" सीमानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता डब्यात दोन पराठे बांधून दिले. त्या संग्रहाच्या पानावर खाली एक ओळ होती, वादकाची माहिती असल्यास कळवावे, आणि अकोल्याचा एक नंबर. फोनवर एका म्हाताऱ्या माणसानं, खुशालरावांनी, या म्हणून सांगितलं होतं. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूर आलं. खिडकीबाहेर कापलेल्या तुरीच्या पेंढ्या काळ्या रानात उभ्या होत्या. राग अजून होता, पण बसच्या हेलकाव्यांनी तो सारखा जागा बदलत होता आणि त्याच्याखालचं दुसरंच काही वर येत होतं. बापानं शब्द मोडला असेल तर आपण सुटतो, असं त्याच्या मनात आलं. मोडला असेल तर तो आपल्या मर्जीनं जगला, वाजवत राहिला, आपण काही त्याच्या हातून हिसकावलं नाही. बस बोरगावला थांबेपर्यंत त्याला कळून चुकलं की आपण अकोल्याला बाप शोधायला चाललेलो नाही, माफी शोधायला चाललो आहोत. लाज वाटली. लाजेला त्याच्यात काही कमी नव्हती, जन्मभर तिचंच पीक काढलं होतं.

खुशालराव जठारपेठेत राहत. कॉलेजातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली, एका कानानं अधू, आणि बोलायला भेटलेला माणूस सोडायचा नाही हा बाणा. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते तीस वर्षं वऱ्हाडभर हिंडले होते. चिखलदऱ्याच्या बाजूचे कोरकू, चांदूर बाजारचे भजनी, लग्नातले सनईवाले, सगळे त्यांच्या कपाटात कॅसेटींवर नावगाव लिहून बसले होते. "पाहा," ते म्हणाले, "एकेकाचं नाव हाय का नाई? एवढ्या एकावरच नाई. लोक मले म्हणतात, खुशालराव, गरिबाचं नाव लिहाले तुमच्या पेनातली शाई संपली काय? मी नाव न लिहिणारा माणूस नाई हो. तुमी कोण त्याईचे?"

"एका गावचे आम्ही," धर्मेंद्र म्हणाला. शब्द आधी बाहेर पडले आणि मग त्यानं ते ऐकले. "लहानपणी पाहिलं होतं त्यांना."

"मंग तुमाले समजन. त्या संग्रहवाल्याईनं नुसतं वाजवणं घेतलं, आधीचं-मधलं बोलणं कापलं. पुरी कॅसेट माह्यापाशी हाय." त्यांनी जुना टेपरेकॉर्डर टेबलावर ओढला. बोटानं कॅसेटचं चाक फिरवून फीत ताणून घेतली आणि बटण दाबलं. खरखर झाली. बाहेर कुठे तरी पोरांचा पाढ्यांचा गलका होता, शाळाच असणार. मग खुशालरावांचाच आवाज आला, वीस वर्षांनी तरुण, नाव सांगा बाबा, लिहून घेतो.

"नाव नका लिहू जी," नत्थूजी म्हणाले.

"काहून?"

"पोरगा अमरावतीले सायब हाय माहा. मोठ्ठा. त्याले खालपना येते."

"बरं. गाव?"

"गाव लिहा न. येवढ्या मोठ्या गावात कोण कोनाले धुंडते."

धर्मेंद्र टेबलाच्या कडेकडे पाहत होता. दोन हजार तीन साली तो साहेब नव्हता. तिसऱ्या रांगेतला लिपिक होता, पावत्यांवर शिक्के मारत होता. त्याला साहेब केलं होतं ते फक्त ह्या माणसानं, तेल्हाऱ्याच्या एका शाळेच्या खोलीत, कोणी विचारलं नसताना. टेपवर खाकरणं झालं. पण सूर आला नाही. नत्थूजी विचारत होते, "पैले एक सांगा जी. हे कोनाचं दार त नाई न?"

"नाई बाबा. शाळेची खोली हाय."

"मंग जमते. दारावर वाजवनार नाई असा शब्द देल्ला हाय म्या. दोन वर्सं झाले, हात नाई लावला. जमते का नाई तेई मालूम नाई." तात पिळल्याचा आवाज झाला, खुंटी कुरकुरली. नत्थूजी ती तात बराच वेळ जुळवत होते. शब्द मोडला नव्हता. जेवढा दिला होता तेवढा, धान्य मापून द्यावं तसा पाळला होता. सात गावांचा माणूस दोन वर्षं गप्प बसला होता आणि वाजवायच्या आधी एका परक्या माणसाला विचारत होता की हे कोणाचं दार तर नाही ना. धर्मेंद्रला वाटलं, उठावं, बटण दाबावं, बसस्टँड गाठावं.

"कोनाचं नाव घेऊ?" टेपवर नत्थूजींनी विचारलं. "तुमच्या घरचं सांगा."

"आज तुमच्याच घरचं घ्या."

"माह्या? माह्या घरचं त आजवर कोनी घ्याले नाई लावलं जी."

गज दोनदा आपटला आणि किंगरी सुरू झाली. सुरुवातीला हात अडखळत होता, सूर निसटत होता, मग दोन वर्षांचा गंज झडल्यासारखा तो मोकळा झाला. पौर्णिमानं ऐकवलेलं ते हेच होतं. नॉर्वेच्या आणि रोमानियाच्या शेजारी बसलेलं, मिनिटभर वाजून बंद केलेलं. आता ते पुढे चाललं. आधी नत्थूजींचा आजा आला, गोंडू. मग त्याची सुंदरा, मग बाप, आई, आणि प्रत्येक नावापाशी सूर एकदा खाली वाकून पुन्हा सरळ होत होता. पंचफुला आली तेव्हा आवाज बसला आणि किंगरीनंच ते नाव पुरं केलं. धर्मेंद्रनं आईचं नाव तिच्या मरणानंतर पहिल्यांदा ऐकलं, सूर लावून. त्याला वाटलं, संपलं. घरची गेलेली एवढीच होती. पण गज थांबला नाही. आणखी एक फेरा आला, अगदी हळू, आणि त्यावर एक नाव आलं, नत्थू. ते दोनदा घेतलं, नीट, ठासून, मागच्या सगळ्यांपेक्षा थोडं जास्तच लांबवून. मग घुंगरं वाजली आणि सगळं थांबलं.

खुशालरावांनी बटण दाबलं. "हा शेवटचा नत्थू," ते चष्मा पुसत म्हणाले, "भाऊ असन त्याईचा, असं मी धरून चाललो. तुमाले आठवते काय कोणी?"

"भाऊ नव्हता त्यांना," धर्मेंद्र म्हणाला. "नत्थूजी म्हणजे तेच."

"ते कसं होईन? जित्या माणसाचं घेत नाईत, मीच लिहून ठेवलं हाय." खुशालरावांनी वही ओढली, पान चाळलं, आणि बोट ठेवून थांबले. "नाई घेत न?"

"नाही घेत."

"मंग त्यानं स्वतःचं काहून घेतलं?"

"मेल्यावर पोरानंच घ्यायचं असते. दुसऱ्यानं घेतलं तर पोचत नाही."

"पण पोरगा त होता त्याले," खुशालराव म्हणाले. कमी ऐकू येत होतं म्हणून ते मोठ्यानं बोलत होते, आणि चांगला कान त्यांनी धर्मेंद्रकडे केला होता. "आत्ताच त नाई सांगितलं त्यानं, अमरावतीले सायब हाय म्हणून?"

"होता न जी," धर्मेंद्र म्हणाला. "मीच व्हय तो. म्या नाई घेतलं."